मायक्रोस्कोप शिकायचाय, पण कशासाठी?

अगं,

मेसेज वाचला तेव्हाच उत्तर द्यायचं होतं, पण फोनवर एवढं टाइप होत नाही मला. तर तुझं म्हणणं असं की कॅन्सरवाली लॅब, प्लांटवाली लॅब, मायक्रोवाले (मायक्रोबायोलॉजीचे), जिथे जाशील तिथे "फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपी येते का" हाच प्रश्न, म्हणून आता विषयबिषय नंतर बघू, आधी मशीनच शिकून घेते. शीक की, नको कोण म्हणतंय. पण वर्कशॉपमध्ये बटणं कळतात, फिल्टर कुठला लावायचा ते कळतं, आणि जे चमकतंय त्याचा अर्थ काय हे मात्र तिथे कळत नाही, कारण तो प्रत्येक विषयात वेगळा असतो.

थिअरी तुला येते. डाय, म्हणजे चमकणारा रंग, कमी वेव्हलेंथचा प्रकाश शोषतो, थोडी एनर्जी उष्णतेत घालवतो आणि जास्त वेव्हलेंथचा प्रकाश सोडतो. स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये क्विनिनच्या द्रावणात हेच दाखवलं होतं, नोटा तपासायचा यूव्ही लाइट टॉनिक वॉटरवर मारलास तर घरीसुद्धा निळं दिसेल. मायक्रोस्कोपचं काम म्हणजे हे दोन प्रकाश फिल्टर लावून वेगळे काढणं, बास.

आता टीबीचं बघ. नेहमीच्या झील-नील्सन स्टेनमध्ये १०० एक्सच्या ऑइल लेन्सखाली निळ्यावर लाल काड्या शोधत बसायचं, एक स्लाइड नीट बघायची तर मान दुखते. ऑरामिन हा चमकणारा डाय लावला की काळ्यावर पिवळ्या-हिरव्या काड्या उठून दिसतात, म्हणून २० किंवा ४० एक्सवरच भागतं, एका नजरेत खूप मोठा भाग बघून होतो. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एलईडीवाल्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपची शिफारस केली ती याचमुळे, शिवाय एलईडीला डार्करूम लागत नाही आणि पाऱ्याच्या दिव्यासारखं काहीशे तासांत बल्ब बदला ही कटकटही नाही. पण आता प्रश्न नीट ऐक: औषध चालू असलेल्या पेशंटच्या थुंकीत काड्या चमकल्या, तर औषध लागू पडत नाहीये का? सांगता येत नाही, कारण ऑरामिन मेलेल्या जंतूलाही धरतं. तिथे फ्लुरेसीन डायअसीटेटसारखी गोष्ट लागते, जी स्वतः चमकत नाही, जिवंत पेशीतल्या एन्झाइमने तोडली की मगच चमकते. मशीन तेच, थुंकी तीच, पण "आहे का" आणि "जिवंत आहे का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि डाय प्रश्नाप्रमाणे निवडायचा असतो, फ्रीजमध्ये कुठला उरलाय त्याप्रमाणे नाही.

किडनी बायोप्सीवाल्यांचं आणखी वेगळं. त्यांना फक्त चमक नको, तिचा आकार हवा असतो. आयजीजी (शरीराचीच एक अँटीबॉडी) पकडणारी, डाय जोडलेली अँटीबॉडी लावली आणि ग्लोमेरुलसच्या, म्हणजे किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या गुच्छाच्या, बेसमेंट मेम्ब्रेनवर सलग, पेनने ओढल्यासारखी रेघ दिसली तर एक आजार, दाणेदार ठिपके दिसले तर वेगळेच आजार. आयजीए नेफ्रोपथी या किडनीच्या आजाराचं तर निदानच या तपासणीवर उभं आहे. शक्य झालं तर एखाद्या पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून बघ, संशोधनवाल्यांपेक्षा ही माणसं चित्र जास्त बारकाईने वाचतात असं माझं मत.

समुद्राच्या पाण्यात बॅक्टेरिया मोजायचे असतील तर प्लेटवर वाढवून मोजणं म्हणजे स्वतःची फसवणूक. एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा लाख पेशी असतात आणि अगारवर त्यातल्या शंभरात एकही धड उगवत नाही. काळ्या मेम्ब्रेनवर गाळून डॅपी हा डीएनएला चिकटणारा डाय लावला की ते सगळे निळे ठिपके होऊन समोर येतात. आणि प्लांटकडे गेलीस तर उलटाच त्रास, काहीच न लावता पान लालभडक चमकतं, क्लोरोफिलमुळे. लाल डाय वापरून पानात प्रोटीन शोधणाऱ्याला हा वैताग, पण फोटोसिंथेसिसवाल्यांना तीच चमक मोजायची असते, कारण प्रकाशाची एनर्जी तिकडे वापरली गेली नाही की ती उष्णता किंवा लाल प्रकाश होऊन बाहेर पडते. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा डेटा.

जीएफपीची, म्हणजे स्वतःच हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनची, गोष्ट तुला पाठ असेल, शिमोमुरांना १९६२ मध्ये जेलीफिशमधलं दुसरंच प्रोटीन काढताना हे मिळालं, चाल्फीने १९९४ मध्ये बॅक्टेरिया आणि कृमीत चमकवून दाखवलं, त्सिएनने रंग वाढवले, २००८ चं नोबेल तिघांना. पण १९९२ मध्ये त्याचा जीन क्लोन करणारा डग्लस प्रॅशर नोबेल जाहीर झालं तेव्हा अलाबामात एका कार डीलरकडे गाडी चालवत होता, हेही लक्षात ठेव. रिसर्चमध्ये शिरतेयस तर ही बाजू कोणीतरी सांगायला हवी.

आता ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त वाद घालतो ते. पोरं हिरवं आणि लाल चॅनेल एकावर एक टाकतात, पिवळं दिसलं की "सर, दोन्ही प्रोटीन बाइंड होतात". अगं, साध्या मायक्रोस्कोपला दोनशे नॅनोमीटरच्या आतलं वेगळं दिसत नाही आणि प्रोटीन असतं जेमतेम काही नॅनोमीटरचं. त्या पिवळ्या ठिपक्यात शेकडो प्रोटीन एकमेकांना न शिवता राहू शकतात. कधी तर दुसरं प्रोटीन तिथे नसतंच, हिरव्या डायचा प्रकाश लाल फिल्टरमधून गळून येतो. म्हणून काहीच न लावलेली स्लाइड, फक्त सेकंडरी (डाय जोडलेली दुसरी अँटीबॉडी) लावलेली स्लाइड, एकेकच डाय लावलेली स्लाइड, आणि सगळ्यांचं एक्स्पोजर तेच, हे कंट्रोल आधी. हे नसेल तर मला इमेज पाठवू नकोस, कितीही सुंदर असली तरी.

विषयाचं म्हणशील तर मी तुझ्या जागी मायक्रो निवडलं असतं, तुला मोजायला आवडतं म्हणून. पण इंटरव्ह्यूला जाशील तिथे "तुमच्याकडे कॉन्फोकल (लेझरवाला महागडा मायक्रोस्कोप) आहे का" असं विचारण्यापेक्षा त्यांच्या शेवटच्या पेपरमधल्या एखाद्या इमेजची कंट्रोल स्लाइड बघायला माग, आणि ती किती पटकन सापडते ते बघ. वर्कशॉपची फी भरायच्या आधी फिजी हे इमेज तपासायचं सॉफ्टवेअर डाउनलोड कर, फुकट आहे, त्यातल्या सॅम्पल इमेज उघडून हिस्टोग्राम बघायला शीक. काही अडलं तर रविवारी फोन कर, सकाळी नको.

सर