बटरमिल्क ‘म्हणजे’ ताक, की बटरमिल्क‘ऐवजी’ ताक?

प्रश्न असा आहे: ‘मी इंग्रजी पाककृती मराठीत लिहिते. एका केकच्या कृतीत बटरमिल्क होतं, त्याला सरळ ‘ताक’ लिहिलं. एका मैत्रिणीने घरात जेवणासाठी केलेलं ताक त्यात घातलं आणि केक पार बसला. माझा शब्द चुकला का? मठ्ठा लिहायला हवं होतं का? की लोणीदूध? की बटरमिल्कच राहू द्यावं?’

शब्द चुकलेला नाही. त्याच्या मागे एक विशेषण हवं होतं, ते राहिलं. पण ते विशेषण का हवं, याची गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडला, १८५७ ची दुसरी आवृत्ती, तर ‘ताक’समोर बटरमिल्क हाच अर्थ आहे. त्या काळात तो अगदी चोख होता. आयर्लंडमधल्या शेतकरणीच्या घरी साय आंबू देऊन घुसळत, लोण्याचा गोळा काढून घेत आणि खाली उरलेलं आंबट पाणीदार दूध म्हणजे बटरमिल्क. आपल्याकडे साय किंवा दूध विरजून त्याचं दही घुसळत आणि लोणी काढल्यावर उरे ते ताक. वाट थोडी वेगळी, पण दोन्हीकडे लोणी हे मुख्य आणि हे मागे उरलेलं. बटरमिल्क या शब्दाचा अर्थ लोणी घातलेलं दूध असा नाहीच मुळी. लोणी काढून घेतलेल्याचं ते नाव आहे. ‘लोणीदूध’ मला म्हणूनच नको वाटतं. मराठी वाचक त्याचा नेमका उलटा अर्थ घेईल आणि दुधात लोणी विरघळवत बसेल.

आपल्या भाषेतही ताकाचं हे ‘मागे उरलेलं’पण जपलेलं आहे. ‘ताकाला जाऊन भांडं लपवणे’ ही म्हण आठवा. ज्या घरी दुभतं असे त्या घरी लोणी-तूप राखून ठेवत, ताक मात्र शेजारीपाजारी सहज देत. म्हणून तर भांडं घेऊन ताकाला जायची रीत होती. दही मागायला कोणी असं उठून जात नसे.

मग बिनसलं कुठे? दोन्ही शब्द आपापल्या जागेवरून सरकले, आणि तेही उलट्या दिशांना.

इंग्रजी शब्द असा सरकला. १८७८ मध्ये गुस्ताफ द लाव्हाल या स्वीडिश अभियंत्याने दुधातून साय वेगळी करणारं फिरतं यंत्र आणलं. त्याआधी दूध पसरट भांड्यात ठेवून साय वर यायची वाट पाहावी लागे, आणि तेवढ्या वेळात ती आपोआप आंबे. यंत्राने साय ताजीच निघू लागली, लोणीही ताज्या सायीचं होऊ लागलं आणि मागे उरलेलं द्रव गोडच राहू लागलं. पण भाकरी-पावात, बिस्किटांत सोड्याबरोबर आंबट बटरमिल्क घालायची लोकांना सवय होती. विसाव्या शतकात डेअऱ्यांनी उपाय काढला. कमी सायीच्या दुधात मुद्दाम जिवाणू सोडून ते आंबवायचं आणि डब्यात भरून विकायचं. आज अमेरिकेतल्या दुकानात बटरमिल्क म्हणून जे मिळतं ते बहुधा हेच. त्याला ना रवी लागलेली, ना त्यातून लोणी निघालेलं. आपल्या शब्दांत सांगायचं तर ते विरजलेलं कमी सायीचं दूध आहे. दाट, आंबट, अनेकदा किंचित मीठ घातलेलं. नाव तेवढं जुनं राहिलं.

मराठी ताक दुसऱ्या बाजूला सरकलं. माझी आजी घुसळखांबाला दोरी लावून ताक करायची. थंडीत लोणी लवकर जमेना की ती कोमट पाण्याचा हबका मारी, उन्हाळ्यात माठातल्या पाण्याचा. आधी रवीचा आवाज जड, घुम्म असा यायचा. मग एका क्षणी तो मोकळा होऊन खळखळ सुरू व्हायची आणि ती दोरी सोडून म्हणायची, ‘आलं लोणी.’ पाहायच्या आधी तिला ते ऐकू यायचं. आज बहुतेक घरांत दोन डाव दही, त्यात तांब्याभर पाणी, मीठ, जिरेपूड, वरून कोथिंबीर आणि रवी चार वेळा फिरवली की ताक. लोणी निघण्याचा प्रश्नच येत नाही, पाणी मात्र हवं तेवढं. यातही काही वाईट नाही, जेवणानंतर मला ते हवंच असतं. पण तुमच्या मैत्रिणीच्या केकमध्ये गेलं ते हे ताक. म्हणजे बरंचसं पाणी, नावापुरता आंबटपणा आणि बहुधा जिरंही.

पाणी किती, हा प्रश्न आपल्या पूर्वजांना इतका महत्त्वाचा वाटला होता की त्यांनी त्यावरून शब्दच वेगळे केले. अमरसिंहाच्या अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, एक ओळ आहे: ‘तक्रं ह्युदश्विन्मथितं पादाम्ब्वर्धाम्बु निर्जलम्’. चौथा हिस्सा पाणी असेल तर तक्र, निम्मं पाणी असेल तर उदश्वित्, पाणी अजिबात नसेल तर मथित. आपलं ‘ताक’ आलं ते या तक्रातून. आता गंमत पाहा. घरी बटरमिल्क नसेल तर काय करावं, असं आजच्या कोणत्याही बेकिंग करणाऱ्याला विचारलं तर तो सांगतो, पाऊण कप दही आणि पाव कप पाणी फेटून घ्या. पाव हिस्सा पाणी! म्हणजे अमरसिंहाचं तक्र केकला अगदी बरोबर चालतं. आपण घरी ताक म्हणून जे पितो ते त्याच्या हिशेबाने उदश्विताच्याही पलीकडे गेलेलं असतं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका ओळीत आहे.

त्याच्या आधीच्या ओळीत घुसळलेल्या गोरसाला ‘दण्डाहत’ असंही नाव दिलं आहे. काठीने, म्हणजे रवीने, मारलेलं. डच भाषेत याला ‘कार्नेमेल्क’ म्हणतात, म्हणजे घुसळणीचं दूध. इंग्रजीने काय काढून घेतलं ते सांगितलं, संस्कृतने आणि डचने काय केलं ते सांगितलं. मला दुसरी पद्धत जास्त पटते, पण ते असो.

आता ‘म्हणजे’ आणि ‘ऐवजी’. मोल्सवर्थच्या काळी ‘बटरमिल्क म्हणजे ताक’ हे वाक्य खरं होतं. आज खरं वाक्य आहे ‘बटरमिल्कऐवजी ताक’. हा ‘ऐवजी’ नीट पाहण्यासारखा शब्द आहे. मूळ अरबी ‘इवज’, म्हणजे मोबदला, बदल्यात दिलेली वस्तू. चोरीच्या बातमीत ‘दोन लाखांचा ऐवज लंपास’ असं येतं ना, तोच ऐवज. एकाच्या ऐवजी दुसरं द्यायचं तर त्याची किंमत भरली पाहिजे, हे त्या शब्दातच आहे. तेव्हा बटरमिल्कची किंमत कशात आहे ते पाहू.

ती दोन गोष्टींत आहे. एक आंबटपणा, दुसरी दाटपणा. केकमध्ये खाण्याचा सोडा असतो. त्याला आम्ल भेटलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि केक फुगतो. कपभर बटरमिल्कला चहाचा सपाट अर्धा चमचा सोडा हा साधारण हिशेब. आंबटपणा कमी पडला तर दुहेरी नुकसान होतं, कारण केक नीट फुगत नाही आणि न वापरला गेलेला सोडा तसाच राहून साबणासारखी चव देतो. मैत्रिणीला विचारून पाहा, तिच्या केकला तशी चव होती का. आणि दाटपणा नसेल तर तेवढ्याच मापात पाणी जास्त जातं, पीठ सैल होतं आणि मधोमध खळगा पडतो. आपल्याकडे ‘दुधाची तहान ताकावर भागवणे’ म्हणतात. इथे उलट आहे, ताकाची तहान दुधावर भागत नाही. सोड्याच्या कृतीत नुसतं दूध घातलं तर फुगवायला आम्लच नाही. कृतीत बेकिंग पावडर असेल तर गोष्ट वेगळी, तिच्यात आम्ल आधीच मिसळलेलं असतं.

म्हणून पाककृतीत मी ‘घट्ट आंबट ताक’ लिहीन. तीन शब्द, आणि तिन्ही स्वयंपाकघरातले. कोणाला कळणार नाही असा त्यात एकही नाही. पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य जोडीन: ‘पाऊण कप आंबट दह्यात पाव कप पाणी घालून गुठळी राहणार नाही असं घुसळावं, मीठ-जिरं घालू नये.’ पुढे नुसतं ‘ताक’ लिहिलं तरी चालेल. अदमुरं दही मात्र घेऊ नये, असं आवर्जून लिहा. अदमुरं खायला छान, पण सोड्याला जागं करण्याइतकं आम्ल त्यात नसतं. उकडीला आपण ‘आंबट ताक’ म्हणून मुद्दाम सांगतो, कढीलाही सांगतो. केकलाही सांगायचं.

ज्यांच्या घरी अजून सायीचं दही घुसळून तूप कढवतात त्यांनी तर काही करायलाच नको. लोणी काढल्यावरचं ताक तासभर न हलवता ठेवायचं, वर आलेली निवळ ओतून टाकायची आणि तळाचं दाट ताक घ्यायचं. जुन्या अर्थाच्या बटरमिल्कशी याहून जवळचं दुसरं काही मिळणार नाही. या एका घरी मोल्सवर्थचा ‘म्हणजे’ अजून लागू आहे.

एका पर्यायाला नाव देताना मात्र मी अडलो होतो. इंग्रजी कृतींत नेहमी असतं: एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, वर कप भरेपर्यंत दूध, पाच-दहा मिनिटं ठेवा. याला मराठीत काय म्हणावं? ‘नासलेलं दूध’ लिहिलं तर कोणी हात लावणार नाही, कारण नासणं म्हणजे वाया जाणं. ‘विरजलेलं’ खोटं ठरेल, विरजणाला जिवाणू लागतात आणि रात्र लागते. ‘फाडलेलं दूध’ म्हटलं की डोळ्यांसमोर पनीर येतं, पाणी वेगळं, चोथा वेगळा. इथे दूध गार असतं, त्यामुळे ते तितकं फाटत नाही. थोडं दाट होतं आणि भांड्याच्या कडेला बारीक कण दिसतात, बस्स. खूप विचार करून मी ‘लिंबू पिळलेलं दूध’ यावर थांबलो. काय केलं ते सांगतं आणि घाबरवत नाही. चव ताकासारखी लागत नाही, पण सोड्याचं काम भागतं.

मठ्ठ्याचं थोडक्यात सांगतो. मठ्ठा हा आपल्याकडे पंगतीतला पदार्थ आहे, जिलेबीबरोबरचा. आलं, मिरची, कोथिंबीर, मीठ, साखर हे सगळं त्या शब्दाबरोबर येतं. हिंदीत मट्ठा म्हणजे साधं ताकही असतं, त्यामुळे हिंदी कृतीवरून भाषांतर करताना तो शब्द तसाच येण्याचा धोका आहे. पंजाबीतल्या लस्सीचंही तसंच. तिकडे ताकालाही लस्सी म्हणतात, आपल्याकडे लस्सी म्हणजे गोड दही. केकच्या कृतीत दोन्ही नकोत.

बटरमिल्क हा शब्द तसाच ठेवायलाही माझी हरकत नाही, पण एकाच ठिकाणी: परदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी लिहीत असाल आणि त्यांनी दुकानातून तोच डबा आणायचा असेल तर. डब्यावर जे छापलेलं आहे ते नाव सांगणं सोयीचं. मात्र त्यांना हेही सांगा की तो डबा ताक म्हणून प्यायला आणू नये. आणलाच असेल तर कढी करावी, छान दाट होते.

तुम्ही जाता जाता विचारलं होतं की ‘बटरमिल्क केक’ला मराठीत काय म्हणू. आपण ‘ताकातली भाजी’ म्हणतो, ‘ताकातला चाकवत’ म्हणतो. ताकाचा चाकवत म्हणत नाही, कारण ताक हे त्याचं मुख्य द्रव्य नाही, ज्यात तो शिजला ते आहे. ही विभक्ती वाटते त्यापेक्षा जुन्या सवयीची आहे. पाणिनीने कशात तरी संस्कार केलेल्या खाद्यांसाठी प्रत्यय सांगताना दह्यासाठी एक सूत्र दिलं आणि लगेच पुढचं सूत्र उदश्वितासाठी खर्च केलं: ‘उदश्वितोऽन्यतरस्याम्’. त्यातून ‘औदश्वित’ आणि ‘औदश्वित्क’ अशी दोन्ही रूपं होतात, अर्थ एकच, उदश्वितात केलेलं. म्हणजेच ताकातलं. तेव्हा मी बिनदिक्कत ‘ताकातला केक’ लिहीन.