उरलेल्या टर्कीचा रस्सा करा

अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण कायम गुरुवारीच येतो, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. २०२२ आणि २०२५ मध्ये तो मार्गशीर्षाचाही पहिला गुरुवार होता. अशा वर्षी इथल्या आपल्या मराठी घरांत व्हायचं तेच होतं. मित्रमंडळींसाठी हौसेने टर्की भाजलेली असते, पण भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा महालक्ष्मीच्या व्रतामुळे तिला हात लावत नाहीत. शुक्रवारी सकाळी चार-पाच पौंड टर्की फ्रिजमध्ये पडून असते. दुसऱ्या दिवशी मुलं सँडविचला कंटाळली की त्यावर मेयोनीज, चीज आणि ग्रेव्ही ओतणं सुरू होतं.

त्यापेक्षा रस्सा करा. मात्र त्याची तयारी गुरुवारी रात्रीच व्हायला हवी. टर्की ओव्हनमधून काढल्यावर दोन तासांच्या आत मांस हाडांपासून सोडवून उथळ डब्यांत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. अख्खी टर्की तशीच आत ढकलली तर ती मध्यापर्यंत गार व्हायला फार वेळ लागतो. फ्रिजमधलं मांस तीन-चार दिवसांत संपवायचं. घरात मार्गशीर्षभर सामिष करत नसाल तर सगळं त्याच रात्री फ्रीझरमध्ये टाका, दोन-तीन महिने चव चांगली राहते.

हाडं फेकू नका. कोल्हापूरकडे मटणाचं अळणी पाणी लहान मुलांना वाटीतून देतात, तसंच टर्कीचंही करता येतं. हाडं, कांदा, आलं, लसूण, हळद आणि चार मिरे प्रेशर कुकरमध्ये पाऊण तास मंद आचेवर ठेवा. मीठ अजिबात नको, कारण बाजारातल्या बऱ्याच टर्कींना आधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं, लेबलवर तसं लिहिलेलं सापडेल. गाळून लहान डब्यांत गार करा. सकाळी चरबी थिजून वर येते, ती चमच्याने काढून टाका.

एक सवय मात्र मोडायलाच हवी, पातेलं रात्रभर शेगडीवर ठेवायची. मोठ्या पातेल्यात सावकाश निवणाऱ्या मांसात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू झपाट्याने वाढतो. अमेरिकेत त्यामुळे होणाऱ्या विषबाधा नोव्हेंबर-डिसेंबरातच जास्त दिसतात. घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असताना हा धोका पत्करू नये.

रश्शासाठी कांदा आणि दोन चमचे सुकं खोबरं भाजून लसूण, तीळ, कोथिंबिरीबरोबर वाटा. चमचाभर तेलात वाटण परता, कांदा-लसूण मसाला घाला आणि अळणी ओतून उकळा. मसाल्यातही मीठ असतं, म्हणून चाखूनच वर मीठ घाला. मांडीचं मांस रश्शात चांगलं लागतं, त्यात लोह आणि झिंकही छातीच्या मांसापेक्षा जास्त. मात्र टर्की आधीच शिजलेली आहे, हे विसरू नका. ती अगदी शेवटी घाला आणि पाचेक मिनिटं उकळू द्या. मटणासारखी रटरटवलीत तर तिचा चोथा होतो. ७४ अंश सेल्सियस, म्हणजे १६५ फॅरनहाइट, एवढी आतून गरम झाली की पुरे. सोबत ज्वारीची भाकरी, कांदा आणि लिंबू.

छातीचं मांस कोरडं असतं, पण कातडी काढली तर १०० ग्रॅममध्ये साधारण ३० ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि चरबी अगदी थोडी. ते बारीक तोडून भाजणीच्या पिठात पालक-कांद्याबरोबर मळा आणि थालीपीठं लावा. मुलांच्या डब्याला मला यापेक्षा सोपं काही सुचलेलं नाही.

ग्रेव्ही मात्र साठवू नका, ती खारट असते. आई-बाबांपैकी कुणाला रक्तदाबाची गोळी असेल आणि गुरुवार सरल्यावर ते जेवणार असतील, तर त्यांच्या वाटीत नुसतं अळणी आणि थोडं मांस वाढा, वरून लिंबू पिळा. आणि फ्रीझरमधल्या डब्यांवर तारखेबरोबर ‘टर्की’ असं मोठ्या मराठी अक्षरांत लिहा, म्हणजे नारळाचा चव शोधताना आईच्या हाती चुकून तो डबा लागणार नाही.