डुमस जवळ आहे, पण...

प्रश्न : मी यावलचा, वय 23. विहिरीत डबा बांधून पोहायला शिकलो, आता तापीतही पोहतो. सर्फिंग शिकायचंय. आपल्याला सुरतजवळचं डुमस त्यातल्या त्यात जवळ. तिथे जमेल का? नाहीतर कुठे, कधी आणि कसं जाऊ?

उत्तर : भाऊ, डुमसला जा, टोमॅटोची भजी खा, पण लाटेवर उभं राहायच्या सर्फिंगच्या फळीचा विचार करू नको. आपली तापी त्याच बाजूला समुद्राला मिळते, म्हणून माझाही जीव तिथे ओढला होता. पण खंभातच्या आखाताच्या तोंडाशी भरती-ओहोटीचा फरक फार मोठा. ओहोटीला पाणी पार लांब जातं, पुढे नुसता चिखल.

नवख्याला हवी वाळूवर फुटणारी, कमरेएवढी लाट. ती मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कर्नाटकात मुल्कीला भेटली. पहिल्या दिवशी मी फळीवर उभा राहिलो नाही, फळीच माझ्यावर बसली! तिथला मंत्रा सर्फ क्लब देशातल्या जुन्या सर्फिंग शाळांपैकी एक. भुसावळला मंगला एक्सप्रेसमध्ये बसायचं, उडुपीला उतरायचं आणि मंगळुरूच्या बसने मुल्की गाठायचं. रेल्वेचं तिकीट मात्र आधीच काढ.

जून ते सप्टेंबर नाव काढू नको. पावसाळ्यात पाण्याखालचे वाळूचे बांध, ज्यांच्यावर लाट फुटते, ते हलतात, मागच्या वर्षीची जागा या वर्षी तशीच असेल असं नाही. ऑक्टोबरनंतर जा आणि भल्या सकाळी पाण्यात उतर. शाळेत खारे वारे, मतलई वारे पाठ केले होते ना? सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, लाट नीट उभी राहते. दुपारी खारा वारा सुटला की पाण्याची नुसती खिचडी.

आता तुझ्या पोहण्याचं. मला धास्ती त्याचीच वाटते, कारण माझाही असाच ताठा होता. किनाऱ्यावर चढलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत जातं. मधेच लाटा न फुटणारी, शांत दिसणारी जागा बहुतेक तीच. तिच्यात सापडलास तर किनाऱ्याकडे हात मारत दमू नको. पुरातली तापी आपण सरळ कापतो का? तसंच इथे, किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहत धारेतून बाहेर पड. फळी सोडू नको, ती तरंगते. मुल्कीजवळ ससिहित्लुला शांभवी आणि नंदिनी या नद्या समुद्राला मिळतात; त्या मुखाशी शिकवणाऱ्याला विचारल्याशिवाय उतरायचं नाही.

आणि डबा घरीच ठेव.