उतीसंवर्धित उसाला फुटवे जास्त आणि ऊस बारीक का?

शेतकरी बंधू-भगिनींनो,

बेणेमळ्यासाठी, म्हणजे लागणीचे बेणे वाढवण्याच्या प्लॉटसाठी, को 86032 या वाणाची उतीसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढबिंदूपासून वाढवलेली) रोपे लावलेल्या काही शेतकऱ्यांनी विचारले आहे की, बेटाला फुटवे भरपूर आले, पण ऊस नेहमीपेक्षा बारीक निघाला. तेव्हा रोपे दुसऱ्याच वाणाची आहेत का, की प्रयोगशाळेतील औषधांनी वाण बिघडला?

केवळ या लक्षणावरून वाण बदलला किंवा बिघडला असे समजू नये. वाढबिंदूपासून रोपे वाढवण्याच्या या पद्धतीत नवीन वाण तयार केला जात नाही. नवीन वाणासाठी सहसा संकर करावा लागतो आणि त्यानंतर निवड व चाचण्यांत दहा-बारा वर्षे सहज जातात. को 86032 हा असाच कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेत निपजलेला वाण आहे. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांच्या उतीसंवर्धन प्रयोगशाळेत आहे त्याच वाणाचे निरोगी बेणे वाढवले जाते.

हे काम अजूनही मुख्यतः माणसाच्या हातांनीच होते. गाळलेल्या हवेचा झोत सोडणाऱ्या कपाटासमोर बसून कर्मचारी शेंड्यावरील पाने एकेक करून सोलतात आणि मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा वाढबिंदू अलगद कापून घेतात, कारण विषाणूंचा प्रादुर्भाव या भागात सर्वांत कमी असतो. तो भाग 121 अंश सेल्सिअसला निर्जंतुक केलेल्या पोषक माध्यमावर ठेवतात. पुढे फुटव्यांचे झुबके दर दोन-तीन आठवड्यांनी विभागून नव्या बाटल्यांत भरतात. प्रत्येक कापणीआधी चिमटा व पाते निर्जंतुक केले जाते, कारण एका चुकीने संपूर्ण बाटली नासते. मुळ्या फुटल्यावर रोपे शेडनेटमध्ये आणून बाहेरच्या हवेला सरावू देतात.

आता बारीक उसाचे कारण पाहू. बाटलीत फुटवे वाढावेत म्हणून माध्यमात सायटोकायनिन गटातील संजीवक वापरतात आणि त्याचा प्रभाव शेतातल्या पहिल्या पिकावर काही काळ राहतो. त्यामुळे फुटवे वाढतात आणि अन्न अनेक कोंबांत विभागले जाऊन ऊस बारीक राहतो. याच उसाच्या टिपऱ्यांपासून लावलेल्या पुढच्या पिकात ऊस पुन्हा मूळ जाडीवर येतो. म्हणून पहिले पीक गाळपाला देऊन त्याच्या वजनावर रोपांची पारख करणे चुकीचे ठरते. नऊ ते अकरा महिन्यांचा हा ऊस बेणे म्हणूनच वापरावा.

फुटवे जास्त येत असल्याने रोपे दाट लावू नयेत. पाच फुटी सरीत दोन रोपांमध्ये दोन फूट अंतर ठेवल्यास एकरी सुमारे 4,350 रोपे पुरतात. लागण सायंकाळी करून लगेच हलके पाणी द्यावे.

एक विनंती मात्र आग्रहाने करतो. शेतात आणल्यावर हे बेणे रोगापासून कायमचे सुरक्षित राहत नाही. गवताळ वाढ या रोगाचे बेट दिसताच ते मुळासकट उपटून नष्ट करावे. खोडवा खुजा रोग कोयत्यावाटे पसरतो, त्यामुळे दुसऱ्या फडात वापरलेला कोयता जंतुनाशकात बुडवल्याशिवाय बेणेमळ्यात आणू देऊ नये, आणि तोडणीच्या दिवशी स्वतः बांधावर हजर राहावे. त्यानंतरही दर तीन वर्षांनी बेणे बदलावे.

फुटव्यांसोबत पाने पांढरी-पिवळी पडून गवतासारखी झाली असतील, तर तो संजीवकाचा परिणाम नसून रोगाचे लक्षण आहे. अशा प्लॉटमधून एकही टिपरी बेण्यासाठी घेऊ नये.