मोरीला बोगदा म्हणू नका

मावळातल्या एका वाचकाचा प्रश्न: आमच्या शिवारातल्या जुन्या दगडी रेल्वेपुलाला सगळे 'मोरी' म्हणतात. मोरी तर भांडी घासायची. मग इंग्रजांच्या काळातल्या पुलाला हे नाव कसं पडलं? आणि त्याला पूल म्हणावं की बोगदा?

बोगदा मुळीच नाही. रुळांखालून गेलेल्या प्रत्येक वाटेला 'बोगदा' म्हणण्याची खोड पुण्यात फार वाढली आहे, आणि बातम्यांतही तेच छापून येतं. बोगदा डोंगर पोखरून होतो. मोरी आधी उघड्यावर बांधतात, भराव तिच्यावर नंतर येतो. ओढ्याच्या पात्रात पाया, दोन्हीकडे जाड भिंती, मध्ये कमानीचा लाकडी साचा. साच्यावर दोन्ही बाजूंनी सारखेच घडीव दगड चढवत न्यायचे आणि माथ्यावर चावीचा दगड, म्हणजे दोन्ही बाजू अडकवून धरणारा मधला दगड, बसवायचा. चुना धरल्यावर साचा काढतात. मग माती भरायची, तीही दोन्ही अंगांनी सारखी. एकीकडे जास्त पडली तर कमान दुसरीकडे ढकलली जाते. यात पोखरणं कुठे आलं? पाट्यांवरचा 'भुयारी मार्ग' हा शब्दही तितकाच चुकीचा. भुयार म्हणजे मूळचं भूमिगृह, जमिनीच्या पोटातलं.

पूल म्हणायला हरकत नाही, पण मोरी जास्त नेमकं. रस्त्यांच्या हिशेबात ६ मीटरपर्यंत लांबीची ती मोरी, त्यापुढे ६० मीटरपर्यंत लहान पूल. रेल्वेत एखादा गाळा, म्हणजे दोन आधारांमधली मोकळी जागा, १२ मीटर किंवा त्याहून रुंद असेल, किंवा सगळे गाळे मिळून १८ मीटर भरत असतील, तर तो मोठा पूल. (गाळे मोजा, खांब नव्हे. सात गाळ्यांच्या पुलाला मधले खांब सहाच असतात, तरी लोक 'सातखांबी' म्हणतात.)

आता खरा मुद्दा, शब्द कुठून आला. काही कोश फारसी 'मूरी', म्हणजे पाण्याचा नळ, एवढं सांगून थांबतात. फारसीत तो शब्द आहे, वाद नाही. पण घरात अख्खं कुटुंब नांदत असताना एकट्या मोरीला परदेशातून आणण्याची घाई का? संस्कृत 'मुख', प्राकृतात 'मुह'. 'म्होरं चल' मधलं म्होरं हे तोंडासमोरचं. म्होरक्या म्हणजे तोंडाशी चालणारा. घराचा मोहरा म्हणजे घराचं तोंड. शिवणकामात बाहीच्या उघड्या टोकाला मोहरी म्हणतात. फोडणीतल्या मोहरीशी तिचा काही संबंध नाही. या मोहरीतला ह गळाला की मोरी. गावाकडे 'म्होरं'चं 'मोरं' होतं, पाहुण्याचा पावणा होतो, तसंच हे. म्हणून माझ्या मते मोरी म्हणजे तोंड, पाणी जिथून जातं ते तोंड. नळाच्या अर्थाकडून निघालात तर बाहीची मोहरी तुम्हाला कुठेच बसवता येत नाही. तोंडाच्या अर्थाकडून निघा, सगळं जागेवर बसतं. शेजारचा 'साकव', म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, पाहा: तो 'संक्रम'वरून आला, त्यात ओलांडणाऱ्या माणसाची नजर आहे. मोरीत नजर पाण्याची आहे.

बांधकामही हेच सांगतं. रेल्वेच्या मोरीवर क्रमांक असतो, तो त्या किलोमीटरमधली ती कितवी हे दाखवतो, आणि सोबत पाणी कुठल्या दिशेला वाहतं तो बाण. आत पुराच्या पातळीची खूण. सगळी काळजी तोंडाची. वरच्या अंगाचं, पाणी आत शिरतं ते तोंड झुडपांनी, गाळानं बुजलं की पाणी भरावाला टेकून साचतं, माती भिजते, भराव सुटतो आणि रूळ खचतात. कमान जाग्यावर शाबूत, पण गाडी बंद. खालच्या अंगाला उलटं घडतं: तिथे धार पडून पाया उघडा पडतो. तिसरा शत्रू पिंपळ. त्याचं मूळ सांध्यातल्या चुन्यात शिरतं. नुसतं छाटून भागत नाही, मुळासकट काढून सांधा पुन्हा भरावा लागतो.

तुमच्या भागातला लोहमार्ग जुना आहे. खंडाळा ते पुणे गाडी १४ जून १८५८ रोजी सुरू झाली. बोरघाटातलं काम १८६३ मध्ये पुरं झालं, तोवर प्रवाशांना घाट रस्त्यानं उतरावा लागे. त्याच घाटातला एक मोठा कमानींचा पूल १८६७ मध्ये कोसळला, कारण निकृष्ट दगडकाम. जुनं ते सगळं भक्कम म्हणणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

राहिली भांड्यांची मोरी. भिंतीतून पाणी बाहेर जायचं ते भोक म्हणजे मोरी. पुढे त्याच्या भोवतालच्या फरशीलाही तेच नाव पडलं. म्हणून आजही 'मोरी तुंबली' म्हणताना भोक तुंबलेलं असतं, फरशी नव्हे.