गाडी एकच, मग माझे पुढचे ब्रेक पॅड १८ हजार किलोमीटरला संपले आणि मित्राचे ४० हजार कसे चालले?

गॅरेजवाल्यावर चिडण्याआधी स्वतःच्या उजव्या पायाकडे बघा. ब्रेक पॅड म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या चकतीवर (डिस्क) दाबली जाणारी पट्टी. ब्रेक गाडीच्या गतीची ऊर्जा उष्णतेत बदलतो आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे ६० ऐवजी १२० वरून थांबलात तर पॅडवरचं काम दुप्पट नाही, चौपट होतं. पुणे हायवेला उसाच्या ट्रॉलीच्या अगदी मागे जाऊन करकचून ब्रेक, परत पिकअप, परत ब्रेक, असं चाललं की पॅडला थंड व्हायला वेळच मिळत नाही. तापलेला पॅड जास्त झिजतो. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे, बोलायलाच नको.

मी स्वतः एकदा तुळजापूरहून येताना पूर्ण उतार ब्रेकवर पाय टेकवून उतरलो. खाली थांबलो तर पुढच्या चाकांतून जळका वास, आणि अलॉय व्हीलवर झिजलेल्या पॅडची काळी भुकटी. तेव्हापासून उतारावर गिअर खाली टाकतो, वेग इंजिन धरतं. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा पॅडल शिफ्टर (स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे खटके) त्यासाठीच वापरा, नुसते मिरवायला नाहीत ते.

अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते: काही स्पोर्टी गाड्यांत वळणावर आतलं चाक घसरू नये म्हणून गाडीच त्याचा ब्रेक हलकेच लावते. वळणं जोरात घेतलीत तर पाय न लावताही पॅड झिजतो.

नवीन पॅड साधारण १० ते १२ मिमी असतो. ३ मिमीला आला की बदला, पॅड संपून त्यामागचं लोखंड डिस्कवर घासायची वाट बघू नका.