घाटवाटेला जीपीएस न्यावं का?

मुंबई

प्रिय दोस्ता,

जीपीएसचं वेगळं यंत्र घेऊ का, असं विचारलंस. आधी सांग, जाणार कुठे आहेस? कळसूबाईला अवघड जागी शिड्या आहेत, लोणावळ्याहून राजमाचीला तर गाडीरस्ताच जातो. तिथे खिशातला फोन पुरे. पण तुझ्या डोक्यात घाटवाटा, म्हणजे कोकणातून घाटमाथ्यावर चढणाऱ्या जुन्या पायवाटा, घोळताहेत, हे मला ठाऊक आहे. तिथे मात्र जरूर ने.

कोकणातून चढताना अर्ध्यावर पदर, म्हणजे डोंगराच्या मधला सपाट टप्पा, लागतो. झाडी इतकी दाट की वरचा कडा दिसत नाही, आणि ढोरवाटा इतक्या की प्रत्येक वाट खरीच वाटते. एखादी मळलेली वाट ओढ्यावर नेऊन सोडते आणि तिथेच संपते. श्रावणात त्यात धुकं उतरलं, की पुढचा गडीसुद्धा दिसेनासा होतो. म्हणून पायथ्याचं गाव सोडतानाच ट्रॅक रेकॉर्डिंग, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, सुरू कर. परत फिरायची वेळ आली, तर आपण स्वतः चालून आलेल्या रेघेइतकं भरवशाचं काही नाही.

दुसऱ्याचा ट्रॅक डाउनलोड केलास, तर तो कोणत्या महिन्यातला आहे ते बघ. जानेवारीत कोरडा ओलांडलेला ओढा जुलैत पाय ठेवू देत नाही, पडद्यावर रेघ मात्र तीच. वाट शंभर मीटरवर दिसतेय म्हणून सरळ झाडीत घुसू नकोस. नकाशात कंटूर, म्हणजे समान उंची दाखवणाऱ्या रेषा, दर 20 मीटर उंचीला एक अशा असतील, तर मधला 15 मीटरचा कातळटप्पा त्यात कळतच नाही, आणि सह्याद्रीत असे टप्पे जागोजागी आहेत. सांदणसारख्या चिंचोळ्या घळीत उपग्रहाचे संकेत कड्यांवर आपटून येतात. तिथे पडद्यावरचा ठिपका भलतीकडेच उड्या मारतो, त्यावर विसंबू नकोस.

फोनचं जीपीएस रेंज नसली तरी चालतं, फक्त नकाशा घरूनच उतरवून घे आणि फोन एअरप्लेन मोडवर ठेव. पावसात ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. बटणांचं यंत्र खरं उपयोगी पडतं ते तिथे. उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र मात्र परदेशातून मागवू नकोस. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते आपल्याकडे बाळगता येत नाही, विमानतळावर त्यापायी माणसं अडकली आहेत.

आणि नवी घाटवाट पहिल्यांदा करताना गावातला वाटाड्या घेच. त्याच्याशी पैशांची घासाघीस करू नकोस. गेल्या पावसाळ्यात दरड कुठे आली, टाक्यात पाणी आहे का, हे त्यालाच माहीत असतं.

पहिली कोणती वाट धरतो आहेस ते कळव. बहुतेक पायथ्याच्या गावांत माझ्या ओळखी आहेत, तुझी गाठ घालून देतो.

तुझा,
दादा